विमानाची परीक्षा

गेल्या पावसाळ्यांत नववीच्या वर्गांत घडलेल्या एका लहानशा प्रसंगांतून या लेखाचा उगम झाला. भूगोलाचा तास होता व आखाती देशांचा धडा चालला होता. मागच्या बांकावर बसणारा, एरव्हीं फारसा न बोलणारा एक विद्यार्थी उभा राहिला आणि म्हणाला, "सर, माझे बाबा परवां पहिल्यांदाच विमानानें मस्कतला जाणार आहेत. आजीला रात्रभर झोंप नाहीं. विमान चांगलें आहे, तें मध्येंच मोडणार नाहीं, हें ठरवितो कोण ?" वर्ग हंसला, मला मात्र हंसूं आलें नाहीं, कारण या प्रश्नाचें नीट उत्तर मला देतां येईना. "सरकार ठरवितें," एवढें सांगून मीं पुढचा धडा चालू केला, आणि तें उत्तर किती पोकळ होतें हें त्या मुलाच्या मुद्रेवरून मला तत्काळ कळलें. पुढें सवडीनें या विषयाची जी माहिती मिळविली, ती आपल्या वार्षिकाच्या वाचकांपुढें, आणि विशेषतः त्या आजीबाईंपुढें, ठेवीत आहें.

प्रथम बाजारांतील तराजूकडे पाहूं. किराणा दुकानांतला कांटा खरा कीं खोटा, हें गिऱ्हाइकास उघड्या डोळ्यांनीं कळत नाहीं. तें वजनमाप खात्याच्या शिक्क्यावर विश्वास ठेवतें. त्या शिक्क्यामागें तीन निरनिराळ्या गोष्टी असतात. अशा बनावटीचा कांटा बरोबर वजन दाखवूं शकेल काय, हें आधीं एका नमुन्यावर तपासलेलें असतें. कांटे करणाऱ्या कारखानदारास परवाना असावा लागतो. आणि शेवटीं या दुकानांतला हाच कांटा निरीक्षकानें पाहून त्यावर शिक्का मारलेला असतो, व तो ठराविक मुदतीनें पुन्हां मारून घ्यावा लागतो.

विमानाचेंहि असेंच आहे. विमानाची आखणी सरकारी तज्ज्ञांच्या कसोटीस उतरली म्हणजे तिला 'टाइप सर्टिफिकेट', म्हणजे नमुन्याचें प्रमाणपत्र, मिळतें. त्या आखणीबरहुकूम विमानामागून विमान बांधण्याची शिस्त कारखान्याच्या अंगीं आहे अशी खात्री पटली कीं त्यास उत्पादनाचें प्रमाणपत्र मिळतें. आणि बांधून तयार झालेल्या प्रत्येक विमानास, त्याच्या स्वतःच्या क्रमांकानें, उड्डाणयोग्यतेचें प्रमाणपत्र वेगळें मिळवावें लागतें. पहिला कागद कल्पनेंतल्या विमानाचा, दुसरा कारखान्याचा, तिसरा धांवपट्टीवर उभ्या असलेल्या विमानाचा. या तिहींपैकीं एकहि खोटा ठरला तर उरलेले दोन प्रवाशास वांचवूं शकत नाहींत.

ही पद्धति शंभर वर्षांपूर्वीं पडली. पहिलें महायुद्ध संपल्यावर १९१९ सालीं पॅरिस येथें राष्ट्राराष्ट्रांत जो करार झाला, त्यांत परदेशीं जाणाऱ्या प्रत्येक विमानाजवळ त्याच्या देशानें दिलेलें उड्डाणयोग्यतेचें प्रमाणपत्र असलें पाहिजे असें ठरलें. अमेरिकेनें १९२६ सालीं तसा कायदा केला, आणि २९ मार्च १९२७ रोजीं 'बुल एअरस्टर' नांवाच्या तीन आसनांच्या लहानशा विमानास तेथील पहिल्या क्रमांकाचें नमुना-प्रमाणपत्र मिळालें. पुढें १९४४ सालच्या शिकागो करारानें एका राष्ट्राचें प्रमाणपत्र, तें ठराविक नियमांस धरून दिलें असल्यास, दुसऱ्यानें मानावें असें बंधन आलें. हें नसतें तर मुंबईच्या विमानास मस्कतच्या धांवपट्टीवर नव्यानें परीक्षेस बसावें लागलें असतें !

आतां ही परीक्षा कशी घेतात तें पाहूं. प्रारंभीं सरकारी खातें व कंपनी यांच्यामध्यें कोणते नियम लागू, आणि त्यांपैकीं कोणत्या नियमाची पूर्तता गणितानें, कोणत्याची प्रयोगशाळेंत व कोणत्याची प्रत्यक्ष आकाशांत दाखवावयाची, याचा लेखी ठराव होतो. म्हणजे प्रश्नपत्रिका परीक्षार्थ्यास अगोदरच ठाऊक असते. तींत लबाडी कांहीं नाहीं, कारण उत्तरें पाठ करून येण्यासारखीं नसतात. विमानाच्या पंखांवर त्याच्या उभ्या आयुष्यांत जास्तींत जास्त जेवढा भार पडेल असें मानतात, त्याच्या दीडपट भार पंखांनीं निदान ३ सेकंद न मोडतां पेलला पाहिजे, असा मोठ्या प्रवासी विमानांचा नियम आहे. एक सबंध विमान लोखंडी सांगाड्यांत बांधून त्याचे पंख यांत्रिक दट्ट्यांनीं हळूहळू वर उचलतात, तेव्हां ते धनुष्यासारखे वांकत जातात. १९९५ सालीं बोइंग ७७७ या विमानाचे पंख मुद्दाम मोडेपर्यंत वांकविले, तेव्हां ते नेमलेल्या भाराच्या शेंकडा १५४ इतक्या भारास मोडले. २००६ सालीं एअरबस ए-३८० या दुमजली विमानाचा पंख मात्र शेंकडा १४५ लाच मोडला. दीडपटीस थोडेंसेंच कमी, पण कमी तें कमीच, म्हणून तो भाग बळकट करावा लागला.

इंजिनाचें एक पातें पूर्ण वेगांत असतांना मुद्दाम तोडतात, व त्याचे तुकडे वेष्टणाबाहेर पडत नाहींत ना हें पाहतात. पुढच्या कांचेवर सुमारें चार पौंड वजनाचा मृत पक्षी तोफेनें फेंकतात. आपल्या मुलांस सर्वांत आवडेल अशी परीक्षा मात्र विमान रिकामें करण्याची. नियम असा कीं, अंधार करून आणि निम्मे दरवाजे बंद ठेवून, कोणते बंद आहेत हें आंतल्या कोणासहि न सांगतां, भरलेलें विमान ९० सेकंदांत रिकामें झालें पाहिजे. वरील दुमजली विमानांत २६ मार्च २००६ रोजीं हँबर्ग येथें ८५३ स्वयंसेवक प्रवासी म्हणून बसविले, २० कर्मचारी दिले, आणि हीं ८७३ माणसें ७८ सेकंदांत खालीं उतरलीं. शाळा सुटल्याची घंटा झाल्यावर आपला जिना किती सेकंदांत मोकळा होतो, हें कोणीं घड्याळ लावून पाहिल्यास या आंकड्याचें मोल त्यास कळेल.

इतकी कसून परीक्षा घेतल्यावर विमान पडूं नये असें वाटतें. परंतु परीक्षेंत उत्तीर्ण होणें म्हणजे विचारलेल्या प्रश्नांचीं उत्तरें येणें. न विचारलेल्या प्रश्नांचें काय, हें जगास 'कॉमेट' विमानानें शिकविलें, व तो इतिहास थोडा विस्तारानें सांगण्यासारखा आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडांतील डी हॅविलंड कंपनीनें जेट इंजिनांवर चालणारें जगांतील पहिलें प्रवासी विमान बांधलें, तेंच हें कॉमेट. २७ जुलै १९४९ रोजीं तें प्रथम उडालें, जानेवारी १९५२ मध्यें त्यास उड्डाणयोग्यतेचें प्रमाणपत्र मिळालें, आणि २ मे १९५२ रोजीं तें प्रवासी घेऊन लंडनहून जोहान्सबर्गकडे निघालें. पूर्वींच्या विमानांहून तें कितीतरी उंचावरून, पस्तीस-चाळीस हजार फुटांवरून, जात असे. इतक्या उंचीवर हवा फार विरळ असल्यामुळें आंतील हवेचा दाब वाढवून ठेवावा लागतो. कॉमेटमध्यें हा दाब बाहेरच्यापेक्षां दर चौरस इंचास सव्वाआठ पौंडांनीं अधिक असे. अर्थात् प्रत्येक उड्डाणांत विमानाचें धड एकदां फुग्यासारखें ताणलें जाई, आणि जमिनीवर उतरल्यावर पुन्हां सैल पडे.

डी हॅविलंडचे अभियंते निष्काळजी नव्हते, हें येथें आवर्जून सांगितलें पाहिजे. नियमानें चालू दाबाच्या दुपटीइतकी ताकद मागितली होती. त्यांनीं अडीचपटीचा हिशेब धरला. शिवाय धडाचा एक भाग घेऊन त्यांत वारंवार दाब भरून व सोडून पाहिला. तो १६,००० हून अधिक वेळां हा ताण सोसून मग खिडकीच्या कोपऱ्याशीं फाटला. विमानाच्या अपेक्षित आयुष्याच्या मानानें ही संख्या पुष्कळ मोठी होती, तेव्हां कंपनीस समाधान वाटलें, व तें साहजिकहि होतें.

२ मे १९५३ रोजीं, म्हणजे बरोबर एक वर्षानें, कलकत्त्याहून दिल्लीकडे निघालेलें कॉमेट वादळांत सांपडून हवेंतच मोडलें व त्यांतील ४३ माणसें मृत्यु पावलीं. दोष वादळावर गेला. १० जानेवारी १९५४ रोजीं रोमहून उडालेलें दुसरें कॉमेट एल्बा बेटाजवळ समुद्रांत कोसळलें. ३५ माणसें गेलीं. या वेळीं दोष देण्यास वादळ नव्हतें. उड्डाणें थांबविण्यांत आलीं, तर्क झाले, तर्कांप्रमाणें विमानांत पुष्कळ सुधारणा झाल्या. खरें कारण मात्र हातीं लागलें नव्हतें. तरीहि २३ मार्च रोजीं उड्डाणें पुन्हां सुरू झालीं. सोळाच दिवसांनीं, ८ एप्रिल रोजीं, तिसरें कॉमेट नेपल्सजवळच्या समुद्रांत पडलें व आणखी २१ माणसें प्राणांस मुकलीं. आतां ब्रिटिश सरकारनें कॉमेटचें उड्डाणयोग्यतेचें प्रमाणपत्र काढून घेतलें. प्रमाणपत्र देण्यापेक्षां तें काढून घेण्याचा अधिकार मोठा. ज्या विमानावर सबंध देशाचा अभिमान गुंतला होता तें एका कागदाच्या अभावीं जमिनीस खिळून राहिलें. हें २३ मार्चपूर्वीं झालें असतें तर, असा विचार मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

पुढील शोध फार्नबरो येथील सरकारी विमानसंशोधन केंद्रांत, सर आर्नोल्ड हॉल यांच्या देखरेखीखालीं झाला. प्रत्यक्ष प्रवास केलेलें एक सबंध कॉमेट त्यांनीं पाण्याच्या प्रचंड टांकींत ठेवलें. धड पाण्यांत आणि पंख दोन्हीं बाजूंस बाहेर. धडाच्या आंतहि पाणी भरलें व पंपानें त्याचा दाब वाढवावयाचा, सोडावयाचा, पुन्हां वाढवावयाचा. त्याच वेळीं दट्टे पंखांस वरखालीं वांकवीत. पाणीच कां ? हवा दाबली म्हणजे ती आपल्या पोटांत शक्ति सांठवून ठेवते, आणि फाटण्याच्या क्षणीं बाँबसारखा स्फोट होऊन पुरावाच नाहींसा होतो; पाणी फारसें दाबलें जात नाहीं, म्हणून धड फाटलें तरी जागच्या जागीं फाटतें. रात्रंदिवस हें चाललें असतां जून १९५४ मध्यें तें धड एका कोपऱ्यापासून उसवलें. आकाशांतलीं व टांकींतलीं मिळून त्याचीं सुमारें ३,००० उड्डाणें झालीं होतीं. एल्बाजवळ पडलेल्या विमानाचीं १,२९०, आणि नेपल्सजवळच्याचीं तर अवघीं ९०० झालीं होतीं. मग कंपनीच्या परीक्षेंत १६,००० कशीं निघालीं ?

येथें घरच्या घरीं करण्यासारखा एक प्रयोग सांगतों. तारेचा एक तुकडा घ्या व तो एकदां वांकवा, तुटणार नाहीं. तोच मागेंपुढें पंचवीस वेळां वांकवा. हिसका न देतांहि तुटून हातांत येईल. धातु एकदम मोठ्या भारास जितका भीत नाहीं तितका लहान भाराच्या पुनरावृत्तीस भितो. यालाच धातूचा थकवा म्हणतात. कंपनीनें ज्या तुकड्यावर ही थकव्याची परीक्षा घेतली, त्याच तुकड्यावर आधीं ताकदीची परीक्षा म्हणून दुप्पट दाब देऊन झाला होता. त्या जबर दाबानें खिडकीच्या कोपऱ्याशीं असलेला धातु किंचित् ओढला गेला; दाब गेल्यावर भोंवतालच्या धातूनें त्याला आंवळून धरलें; आणि त्यानंतरचा प्रत्येक ताण या आंवळण्याशीं झगडण्यांतच बराचसा खर्ची पडूं लागला. म्हणजे पहिल्या परीक्षेनें परीक्षार्थी दुसऱ्या परीक्षेकरितां बळकट होऊन बसला. प्रवासी नेणाऱ्या विमानांना असा दाब कोणी दिला नव्हता, तीं जशींच्या तशीं कोंवळीं होतीं. कंपनीनें खोटें केलें नाहीं, सरकारी तज्ज्ञांनीं डोळेझांक केली नाहीं. तरी उत्तर चुकलें, कारण दोन प्रश्न एकाच तुकड्याला विचारले गेले.

कॉमेटच्या खिडक्या चौकोनी होत्या म्हणून तें पडलें, असें पुष्कळ ठिकाणीं छापलेलें आढळतें. तें अर्धवट खरें आहे. एल्बाच्या समुद्रांतून जो छपराचा तुकडा वर काढला त्यांत भेगेचा उगम प्रवाशांच्या खिडकीशीं नसून, रेडिओच्या दिशादर्शक यंत्रासाठीं छपरांत ठेवलेल्या भोंकाच्या कोपऱ्याशीं होता. दोष एका खिडकीचा नव्हता. धडाच्या पत्र्यांत जेथें जेथें कोपरा होता तेथें तेथें ताण कल्पनेपेक्षां अधिक होता.

१९५४ च्या शरद् ऋतूंत लॉर्ड कोहेन यांच्या अध्यक्षतेखालीं या अपघातांची जाहीर चौकशी झाली, व तींत निघालेले निष्कर्ष इंग्लंडनें आपल्यापाशीं न ठेवतां सर्व जगास खुले केले. तेव्हांपासून ताकदीच्या परीक्षेचें विमान वेगळें आणि थकव्याचें वेगळें अशी रीति पडली. एक भाग चिरला तरी शेजारच्यानें भार पेलावा, अशी बांधणीहि मागण्यांत येऊं लागली. कॉमेट नव्या रूपानें १९५८ सालीं अटलांटिकपार जाऊं लागलें, पण तोंवर अमेरिकन विमानें पुढें निघून गेलीं होतीं.

हें पहिल्या कागदाविषयीं झालें. दुसऱ्या कागदाचें, म्हणजे कारखान्याच्या शिस्तीचें, उदाहरण अगदीं अलीकडचें आहे. ५ जानेवारी २०२४ रोजीं अमेरिकेंतील पोर्टलंड शहराहून निघालेल्या अलास्का एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ मॅक्स-९ विमानाचा, दरवाज्याच्या जागीं बसविलेला एक भाग सुमारें १६,००० फुटांवर निखळून पडला. सुदैवानें कोणी दगावलें नाहीं. विमान हातीं येऊन तीन महिनेहि झाले नव्हते. त्या भागाच्या आखणीत दोष निघाला नाहीं. तो धरून ठेवणारे चार बोल्टच जागेवर नव्हते. कारखान्यांत शेजारची दुरुस्ती करतांना तो भाग काढला होता, परत बसवितांना बोल्ट घातले गेले नाहींत, आणि काढल्याची नोंदहि कोणी केली नव्हती. नोंद असती तर तपासनीस तेथें गेला असता. वहींत लिहिणें हें कारकुनी काम आहे असें मानणाऱ्यांनीं हें लक्षांत ठेवावें.

तिसरा कागद म्हणजे एकेका विमानाचें आयुष्य. जपान एअरलाइन्सच्या एका बोइंग ७४७ विमानाची शेपटी २ जून १९७८ रोजीं ओसाका येथें उतरतांना धांवपट्टीस घासली. मागच्या दाबरोधक भिंतीची दुरुस्ती विमान बनविणाऱ्या कंपनीच्याच माणसांनीं केली. जोडपट्टी सलग बसवून रिव्हेटांच्या दोन ओळींनीं भार घ्यावयाचा होता; पट्टीचे दोन तुकडे करून बसविल्यामुळें तो एकाच ओळीवर पडला. वरून पाहणारास फरक दिसत नव्हता. असें तें विमान सात वर्षें उडत राहिलें. १२ ऑगस्ट १९८५ रोजीं ती भिंत फुटली, शेपटीचा मोठा भाग निघून गेला, आणि ५२४ जणांपैकीं ५२० मृत्युमुखीं पडले. आखणी निर्दोष होती, कारखान्यांतून विमान धड बाहेर पडलें होतें. एका दुरुस्तीच्या सहीखालीं तें वेगळेंच विमान झालें होतें.

आतां सर्वांत अवघड प्रश्न : परीक्षक कोण ? आधुनिक विमानांत इतक्या विद्या एकवटल्या आहेत कीं त्या सर्वांचे तज्ज्ञ पदरीं बाळगणें कोणत्याहि सरकारला परवडत नाहीं. म्हणून अमेरिकेंत कित्येक दशकांपासून कंपनीच्याच नोकरींतील कांहीं अभियंत्यांस सरकारच्या वतीनें तपासून सही करण्याचा अधिकार दिला जातो. विद्यार्थ्यानें आपलीच उत्तरपत्रिका तपासावी तसें हें ऐकणारास वाटतें. माझ्या मतें तें सर्वस्वीं गैर नाहीं, कारण आपल्या कामाचें मर्म करणारासच अधिक कळतें. परंतु वर डोळ्यांत तेल घालून पाहणारा कोणी हवा, आणि करणारानें त्याच्यापासून कांहीं लपवितां कामा नये.

बोइंग ७३७ मॅक्सच्या बाबतींत हा धागा तुटला. ७३७ चें मूळ प्रमाणपत्र १९६७ सालचें. मॅक्स हें नवें विमान म्हणून नव्हे, तर त्याच जुन्या प्रमाणपत्राची सुधारित आवृत्ति म्हणून पुढें आलें. आपल्या भाषेंत, पन्नास वर्षांपूर्वींच्या उत्तरपत्रिकेस जोडलेली पुरवणी. त्याचीं इंजिनें पूर्वींपेक्षां मोठीं व पुढें बसविलेलीं असल्यामुळें कांहीं प्रसंगीं नाक वर उचललें जाण्याचा कल होता. तो आवरण्यासाठीं नाक आपोआप खालीं दाबणारी एक यंत्रणा घातली होती. वाऱ्याच्या रोखाशीं विमान किती तिरपें आहे हें दाखविणारीं सूचकें दोन होतीं, पण ही यंत्रणा एका वेळीं त्यांतील एकाच सूचकाचें ऐकत असे. तिचा जोर मागाहून पुष्कळ वाढविला, तो तपासणाऱ्या सर्वांस नीट कळविला गेला नाहीं. वैमानिकांच्या पुस्तिकेंतहि तिचा उल्लेख नव्हता. मार्च २०१७ मध्यें प्रमाणपत्र मिळालें. २९ ऑक्टोबर २०१८ रोजीं जकार्ताहून निघालेलें, आणि १० मार्च २०१९ रोजीं आदिस अबाबाहून निघालेलें, अशीं दोन विमानें चुकीच्या सूचनेमुळें खालीं दाबलीं जाऊन पडलीं. पहिल्यांत १८९ व दुसऱ्यांत १५७ माणसें गेलीं.

त्यानंतर जें घडलें तें या खात्याच्या इतिहासांत अपूर्व होतें. ज्या देशानें मूळ प्रमाणपत्र दिलें त्याच्या निर्णयाची इतरांनीं वाट पाहावी असा प्रघात. या वेळीं चीननें ११ मार्च रोजींच मॅक्स विमानें थांबविलीं. युरोपनें, भारतानें व इतर अनेकांनीं तोच मार्ग धरला. अमेरिकेनें १३ तारखेस, सर्वांच्या मागून, थांबविलीं. शिकागो करारापासून चालत आलेला परस्परविश्वास तीन दिवस डळमळला. यंत्रणा सुधारून अमेरिकेनें नोव्हेंबर २०२० मध्यें, व भारतानें ऑगस्ट २०२१ मध्यें, या विमानांस पुन्हां परवानगी दिली. आणि कंपनीच्या माणसांनीं केलेल्या तपासणीवर सरकारची देखरेख वाढविणारा कायदा अमेरिकेनें डिसेंबर २०२० मध्यें केला.

आपल्याकडे हें काम नागरी विमान वाहतूक महासंचालनालय करतें. १९३४ चा विमानविषयक कायदा नव्वद वर्षें चालला; १ जानेवारी २०२५ पासून त्याच्या जागीं 'भारतीय वायुयान अधिनियम, २०२४' हा कायदा आला आहे. आपल्या विमान कंपन्यांचीं मोठीं विमानें परदेशांत आखलेलीं व बांधलेलीं असल्यामुळें त्यांचें मूळ प्रमाणपत्र तपासून मान्य करणें, आणि एकेक विमान उड्डाणास योग्य राहिलें आहे ना हें पाहत राहणें, यांवर या खात्याचा बराच भर असतो. तथापि आपल्या नमुन्यांस प्रमाणपत्र देण्याचे प्रसंगहि आले आहेत. बंगळूर येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेनें आखलेल्या 'हंसा' या दोन आसनी विमानास २००० सालीं तें मिळालें.

मुंबईकरांस आणखी एक उदाहरण आठवेल. वैमानिक अमोल यादव यांनीं कांदिवली येथील आपल्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचें विमान बांधलें, व २०१६ सालीं तें मुंबईंतील मोठ्या प्रदर्शनांत लोकांनीं डोळे भरून पाहिलें. त्याची सरकारदरबारीं नोंदणी २०१७ सालीं झाली. तें उडवून पाहण्याची परवानगी २०१९ सालीं मिळाली. गच्चीवर विमान बांधणारा माणूस एवढा धडपडत असतां खातें इतकीं वर्षें काय करतें, असा संताप तेव्हां पुष्कळांनीं बोलून दाखविला, आणि माझेंहि मन त्यांच्याच बाजूचें होतें. हा विषय वाचल्यावर एवढें मात्र कळलें कीं नोंदणी म्हणजे केवळ नांव मिळणें, उडवून पाहण्याची परवानगी म्हणजे परीक्षेस बसूं देणें. आणि नमुन्याचें प्रमाणपत्र ही त्याहून फार पुढची पायरी, कारण त्याच्या आधारें अनोळखी माणसांस तिकीट विकावयाचें असतें. कॉमेटची हकीकत ज्यानें वाचली आहे त्यास हे दोन टप्पे एक करा असें म्हणवत नाहीं. खात्यानें पावलें थोडीं भरभर टाकावीं, एवढें मात्र म्हणवतें.

एक लहानशी गोष्ट सांगावयाची राहिली. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणें प्रत्येक विमानाच्या मुख्य दरवाज्याजवळ त्याच्या राष्ट्राचें व नोंदणीचें चिन्ह कोरलेली धातूची एक पट्टी असते, आणि ती आगींत न वितळणारी असावी लागते. बाकी सर्व जळालें तरी हें कोणतें विमान, त्याचे कागद कोणते, हें शोधतां यावें म्हणून. शिवाय कोणतीहि दुरुस्ती झाली कीं परवानाधारक अभियंत्यानें ती पाहून वहींत आपल्या नांवानिशीं सही केल्याशिवाय विमान पुन्हां उडवितां येत नाहीं.

त्या विद्यार्थ्याचे वडील मस्कतहून दिवाळीस घरीं आले, तेव्हां दाराजवळची ती पट्टी त्यांनीं पाहिली काय, असें मीं मुलाकडून विचारविलें. पट्टी त्यांच्या लक्षांत आली नव्हती. मात्र निघण्यापूर्वीं बराच वेळ पिवळें जाकीट घातलेला एक माणूस विजेरी घेऊन चाकाजवळ वांकून पाहत होता, मग उठून त्यानें वहींत कांहीं लिहिलें, तें त्यांनीं खिडकींतून पाहिलें होतें, आणि घरीं आल्यावर आजीला सांगितलें होतें.